मालक कोण, त्यावर घोड्याची किंमत

मुळशी आणि पिस्तूल हे दोन शब्द शेजारी आले की हल्ली सगळ्यांना प्रवीण तरडेंचा 'मुळशी पॅटर्न' आठवतो. तो सिनेमा २०१८चा. मुळशीतल्या लवळ्याच्या चावडीवर बसून सांगण्यासारखी पिस्तुलाची गोष्ट मात्र त्याहून शंभरेक वर्षं जुनी आहे, आणि ते पिस्तूलसुद्धा जमिनीपायीच बाहेर निघालं होतं.

टाटांच्या धरणात मावळातली गावं बुडणार म्हणून १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीचा मुहूर्त धरून, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पुढे लढा मोडत चालला तसा पांडुरंग महादेव बापटांचा धीर सुटला. रेल्वे अडवायला ते रुळावर उभे राहिले, तेव्हा एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पिस्तूल आणि कमरेला हातोडा असा थाट होता. सत्याग्रह या शब्दात एवढं सामान मावतं हे गांधीजींनाही नवीनच असणार! सरकारनं सात वर्षांची सक्तमजुरी दिली, लोकांनी 'सेनापती' केलं.

बरं, हा हात नवशिका नव्हता. बापट शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेले ते इंजिनीअरिंग शिकायला. तिथल्या क्वीन्स रायफल क्लबात त्यांनी नेमबाजीचे धडेही गिरवले. म्हणजे शिकवणी साहेबाची आणि गृहपाठ मुळशीत. सरकारदरबारी कुख्यात असलेल्या याच माणसाला १५ ऑगस्ट १९४७ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान मिळाला. जुन्या हत्यारांच्या बाबतीत 'कुख्यात' हे विशेषण फार जपून वापरावं. वही कोणाची आहे ते आधी बघावं.

पैसे मोजा, नेम धरा

जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तसलाच पण जरा भारदस्त प्रकार लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवर होता. तिथे मदनलाल धिंग्रा तीनेक महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, स्वतःचं कोल्ट पिस्तूल घेऊन सरावाला जात. १ जुलै १९०९च्या संध्याकाळीही ते गेले. बारा गोळ्या झाडल्या, अकरा लागल्या. त्याच रात्री त्यांनी इंग्रज अधिकारी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. हा हिशेब बाहेर आला तो नेमबाजीची जागा चालवणाऱ्या मालकाच्या साक्षीतून. गिऱ्हाइकाचा स्कोअर इतका अचूक लक्षात ठेवणारा दुकानदार विरळाच.

पेटीचा खोटा तळ

त्याच साली वीस ब्राउनिंग पिस्तुलं लंडनहून मुंबईला आली. पाठवणारे सावरकर, आणणारा इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन, आणि माल पेटीच्या खोट्या तळात. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन आपल्या निरोपाचा खेळ बघायला आला आणि अनंत कान्हेरेनं त्यातल्याच एका पिस्तुलानं त्याला तिथेच गाठलं. नाटक कोणतं होतं? देवलांचं 'शारदा'. कान्हेरे तेव्हा अठराच्या घरातला होता. पुढे चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला, आणि पिस्तुलांचा माग उलटा चालत लंडनपर्यंत पोचला.

रंगाखाली दडलेला नंबर

जुन्या पिस्तुलाचा बाजार हा खरं म्हणजे कागदाचा बाजार असतो. पोलादाला फारशी किंमत नसते. किंमत असते ती नंबराची, पावतीची, कोर्टातल्या नोंदीची. १७ डिसेंबर १९२८ला लाहोरात इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी. भगतसिंगांनी नंतर झाडल्या. त्या भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट कितीतरी वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांच्या गर्दीत पडून होतं. गंज चढू नये म्हणून सगळ्यांना एकसारखा काळा रंग फासलेला. अलीकडे रंग खरवडला तेव्हा खाली आकडा दिसला, १६८८९६, आणि तो खटल्याच्या कागदपत्रांशी जुळला. आदल्या दिवशीपर्यंत जे भंगाराच्या रांगेत होतं, त्याला दुसऱ्या दिवशी पहारा!

चंद्रशेखर आझादांच्या कोल्टला तर नावही आहे, 'बमतुल बुखारा'. ते एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्यासोबत विलायतेला गेलं होतं. सत्तरच्या दशकात परत आलं आणि आता अलाहाबाद संग्रहालयात आहे.

एक आकडा पुण्याच्या माणसाच्या मुठीतलाही आहे : ६०६८२४, इटालियन बेरेटा, ३० जानेवारी १९४८. त्यावर चटपटीत लिहिण्यासारखं काही नाही. पुढे जाऊ.

टॉवेल आणि खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर

पिस्तुलाला बाजारात आणलं ते नौदलाच्या कमांडर नानावटींनी, तेही नकळत. २७ एप्रिल १९५९ला त्यांनी जहाजावर जाऊन थाप मारून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, मुंबईत बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याचं घर गाठलं, तीन गोळ्या झाडल्या आणि आपणहून हजर झाले. आहुजा नुकताच न्हाऊन निघाला होता. झटापट झाली म्हणता, मग कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही, यावर कोर्टात खल झाला. मुंबईच्या फेरीवाल्यांना तेवढं पुरे होतं. फुटपाथवर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली 'नानावटी रिव्हॉल्व्हरं' खपू लागली. पंचवीस पैशांचा 'ब्लिट्झ' दोन रुपयांना गेला. ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं जन्मठेप दिली, आणि १९६४ला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी. ही देशातली शेवटची ज्युरी केस, असं गप्पांत छातीठोकपणे सांगतात. ते खोटं. त्यानंतरही काही वर्षं ज्युरी बसत होत्या.

नांदे, म्हाळुंगे, बालेवाडी

लवळ्याहून खाली उतरून नांदे, म्हाळुंगे करत गेलं की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं. तिथल्या पिस्तुलाच्या मालकाला बदनामीची नाही, चापाच्या वजनाची काळजी. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम ओढ घेतो, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅम. दहा मीटरच्या चकतीवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटरमध्ये सोनं आणलं. याच संकुलात घडलेला स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, तेव्हा त्यानं २०२४ला पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य मिळवलं.

जाता जाता भाषेचं : 'पिस्तूल' पोर्तुगिजांकडून आलं, 'तमंचा' तुर्कांकडून, 'बंदूक' अरबांकडून. मुंबईच्या गल्लीतला 'घोडा' तेवढा पक्का घरचा.

आणि खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांसोबत पुजायला माळ्यावरून आजोबांचं पिस्तूल निघालंच, तर १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ माहीत असावं. जुन्या ढंगाचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार, दुरुस्ती करूनही चालणार नसेल, तर त्याला सवलत आहे. चालतंय का, हे अंगणात झाडून बघू नका. फौजदारसाहेबांना बघू द्या.