दिल्लीचा आराखडा कोरीटच्या वर्गात कसा येतो

बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडलं की पहिल्या पानावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो आणि त्याच्याजवळ सहा अक्षर-अंकांची खूण. आतल्या धड्यांमध्येही असे चौकोन असतात. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटमध्ये मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात हेच पुस्तक असतं आणि पुण्यातल्या मुलाच्या दप्तरातही हेच. शिक्षणात तंत्रज्ञान आणण्याच्या राष्ट्रीय आराखड्यातलं गावोगाव खात्रीनं पोचलेलं काय, असं कुणी विचारलं तर मी या क्यूआर कोडकडे बोट दाखवीन. बाकीचं पोचणं न पोचणं ते कुठल्या वाटेनं येतं यावर ठरतं. ही वाट पालकांना माहीत असायला हवी, कारण तिचं एक टोक गावातच आहे.

आधी या चौकोनाचं काम पाहू. मोबाइलमध्ये ‘दीक्षा’ अ‍ॅप उघडून कॅमेरा चौकोनावर धरला की त्या धड्याचे व्हिडिओ, सराव प्रश्न, खेळ समोर येतात. पान चुरगळलेलं असेल, कॅमेरा खराब असेल तर ती सहा अक्षरं टाइप केली तरी चालतं. चौकोनात हे साहित्य साठवलेलं नसतं, फक्त त्याचा पत्ता छापलेला असतो. त्यामुळे पुस्तक पुन्हा न छापताही पत्त्यामागचं साहित्य बदलता येतं, सुधारता येतं, वाढवता येतं. गावात रेंज नसेल तर शिक्षक तालुक्याच्या ठिकाणी ते उतरवून घेतात, शाळेत आल्यावर केबलनं टीव्हीला जोडतात आणि सगळ्या वर्गाला दाखवतात. वर्गात प्रत्येक मुलाकडे मोबाइल असण्याची गरज उरत नाही. मला या रचनेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

‘दीक्षा’ 5 सप्टेंबर 2017 रोजी, शिक्षक दिनी, देशभरासाठी सुरू झालं. मात्र पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवण्याचं काम आपल्याकडे त्याआधीच एका जिल्हा परिषद शाळेत झालं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं लहान गाव आहे. तिथले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी मुलांच्या पुस्तकांना कोड जोडले. पुढे राज्यानं ही कल्पना उचलली आणि राष्ट्रीय पातळीवर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड आले. डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते सगळ्यांना आठवतं. माझ्या मते त्याहून लक्षात ठेवण्याजोगं हे, की आराखडा वरून खाली येतो तसा कधी कधी खालून वरही जातो.

आता वरची बाजू. शिक्षण हा विषय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेला. म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही धोरण ठरवू शकतात. त्याच सुमारास ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. उपग्रह उसना होता, वर्ष संपलं आणि तो गेला. उपकरण आणणं आणि ते वर्षानुवर्षं चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तेव्हाच दिसलं होतं. नंतर 2004 मध्ये शाळांसाठी संगणकाची केंद्रीय योजना आली, 2012 मध्ये शालेय शिक्षणातल्या माहिती-तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय धोरण आलं आणि 29 जुलै 2020 रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तंत्रज्ञानाला स्वतंत्र प्रकरणं मिळाली.

धोरण दिशा सांगतं, पैसा मात्र योजनेतून येतो. ती योजना म्हणजे 2018 पासूनचं ‘समग्र शिक्षा’. यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. दरवर्षी जिल्ह्यांच्या मागण्या एकत्र करून राज्य आपली वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक तयार करतं. महाराष्ट्रात हे काम मुंबईतली महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद पाहते. मग दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळासमोर त्याची छाननी होते, काही मागण्या मंजूर होतात, काही कापल्या जातात.

तंत्रज्ञानाच्या बाबीखाली संगणक कक्षासाठी एकदाच 6 लाख 40 हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षं दरसाल 2 लाख 40 हजारांपर्यंत देण्याची तरतूद आहे. स्मार्ट वर्गासाठी एकदा 2 लाख 40 हजार आणि दरसाल 38 हजार. पण ही बाब सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शाळांसाठी आहे. गावातली शाळा चौथी-पाचवीपर्यंतचीच असेल तर ती या रांगेत उभीच राहत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत जे टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब दिसतात, त्यातले कितीतरी लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा कंपन्यांच्या सीएसआरमधून आलेले असतात. वस्तू आली याचा आनंद आहेच, पण तिच्यामागे दरसालचे 38 हजार येत नाहीत, हे वस्तू घेतानाच ध्यानात ठेवायला हवं.

मग चालवायचं कशातून? शाळेला समग्र शिक्षातून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळतं: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. शंभराच्या आत पट असलेल्या शाळेचा हिशेब मांडून बघा. त्या 25 हजारांतला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. मग खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, पाणी. त्यातूनच वीजबिल, आणि उरलं तर इंटरनेट. जिल्हा परिषदेकडून सादिल खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेची भर पडते, तरी ओढाताण चुकत नाही. बिल थकलं की वीज तोडली जाते आणि भिंतीवरचा चांगला टीव्ही नुसता टांगलेला राहतो. आराखड्याबद्दल माझी मोठी तक्रार हीच आहे. खरेदीची तरतूद ठसठशीत असते आणि चालवण्याचा खर्च मात्र मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडतो. त्या दहा-पंचवीस हजारांतून शाळा चालवून दाखवणाऱ्या गुरुजी-बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं.

दिल्लीला कोरीटची शाळा कशी दिसते? ती दिसते अकरा अंकांतून. प्रत्येक शाळेला यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढचे दोन जिल्ह्याचे, नंदुरबारचे 01. मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. या क्रमांकाखाली मुख्याध्यापक दरवर्षी माहिती भरतात: पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, वीज, इंटरनेट, संगणक, डिजिटल फळा. आकडेवारीसाठी 30 सप्टेंबर ही संदर्भ तारीख पूर्वापार धरली जाते. ही माहिती केंद्रप्रमुखांकडून, गटसाधन केंद्रातून, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून जिल्ह्याला आणि तिथून राज्याला जाते. वरच्या मागण्या, मंजुऱ्या, क्रमवाऱ्या या रकान्यांवर उभ्या राहतात.

म्हणून रकाना नीट भरणं हे नुसतं कारकुनी काम समजू नये. संगणक किती आहेत आणि त्यातले चालू किती, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. कपाटात बंद पडलेले चार संगणक ‘चालू’ म्हणून गेले, तर कागदावर शाळा सुसज्ज होते आणि नव्या मागणीत मागे पडते. विजेचं तसंच. जोडणी आहे पण पुरवठा तोडलेला आहे, हे जसंच्या तसं गेलं पाहिजे.

आणखी एक रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. यू-डायसमध्ये आता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते आणि तीत मातृभाषा विचारलेली असते. नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलली जाते. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचं प्रमाण सुमारे 69 टक्के होतं आणि साक्षरता सुमारे 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. राष्ट्रीय धोरण सांगतं की सुरुवातीचं शिक्षण शक्यतो मुलाच्या घरच्या भाषेतून व्हावं. पण घाईघाईत सगळ्या मुलांपुढे ‘मराठी’ लिहिलं गेलं, तर वरच्या यादीत भिली बोलणारं मूलच उरत नाही. मग भिलीतून गोष्टी, गाणी, व्हिडिओ तयार करायला हवेत असं कोण म्हणणार? पहिलीतल्या लेकराला पडद्यावरची मराठी कानावर पडून समजत नसेल, तर तो पडदा कितीही मोठा असला तरी त्याला त्यातून काही मिळत नाही. या एका कामासाठी पालकांनी शाळेत जाऊन ‘आमच्या घरात अमुक बोलतात’ असं सांगावं.

जिल्ह्याला डिजिटल कामांची सवय नाही असंही नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. 2018 पासून नंदुरबार आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्यामुळे इथल्या शाळांच्या आकड्यांवर वरून खास नजर असते.

गावाच्या हातात काय आहे, ते कायद्यातच लिहिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कलम 22 नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्याची दर वर्षाची मागणी स्वतंत्र मांडायची असते. अनेक ठिकाणी तो मुख्याध्यापक एकटेच लिहितात आणि सदस्य सही करतात. तो बैठकीत वाचून घ्यावा. ‘टीव्ही हवा’ एवढंच न लिहिता टीव्ही, त्याचं वीजबिल, इंटरनेटचा मासिक खर्च, बिघडला तर दुरुस्ती आणि तो कुठल्या वर्गाला आठवड्यातून किती तास दाखवणार, हे सगळं एकाच मागणीत लिहावं. ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यासाठी ग्रामसभा बसते तेव्हा वीजबिलाची ओळ तिथेही मांडता येते.

आणि शाळेची यू-डायसमधली माहिती कुणालाही पाहता येते. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव किंवा तो अकरा अंकी क्रमांक टाकला की शाळेचं प्रगतिपत्रक उघडतं. समितीच्या बैठकीत एखाद्या पालकाच्या मोबाइलवर ते उघडून वीज, इंटरनेट, चालू संगणक हे रकाने वर्गात फिरून ताडून पाहायला अर्धा तास पुरतो. चूक सापडली तर ती मुख्याध्यापकांना लगेच लेखी द्यावी, म्हणजे पुढची माहिती भरताना दुरुस्त होईल.