लहरींना कुंपण नसते

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत तुम्ही ज्याला ‘सरहद’ म्हणता, त्याला मराठीत ‘सरहद्द’ किंवा ‘सीमा’ म्हणतात. देशाच्या सरहद्दीवर चौकी असते, शिपाई असतात. ये-जा करणाऱ्यांची कागदपत्रे पाहिली जातात, सामान तपासले जाते. पण एक प्रवासी असा आहे, की त्याला कोणी अडवू शकत नाही. तो नदी ओलांडतो, डोंगर ओलांडतो आणि परक्या देशातील घराघरांत जाऊन बोलू लागतो. हा प्रवासी म्हणजे रेडिओवरचा आवाज.

एका देशात उभ्या असलेल्या मनोऱ्यावरून शेजारच्या देशाच्या भाषेत कार्यक्रम होऊ लागले, तर त्यावर नियम कोणाचे चालतील? ज्याच्या जमिनीवर मनोरा उभा आहे त्या देशाचे, की ज्याच्या घरांत तो आवाज ऐकू येतो त्या देशाचे? हा प्रश्न सोपा नाही. तो समजून घेण्यासाठी आपण अमेरिका आणि मेक्सिको या दोन शेजाऱ्यांची हकीकत पाहू.

आवाज इतक्या दूर कसा जातो?

रेडिओच्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, म्हणून त्या फार दूर पोहोचत नाहीत. मध्यम लहरींचे तसे नाही. पृथ्वीपासून बऱ्याच उंचीवर वातावरणात विद्युतभारित कणांचे थर आहेत. त्यांना ‘आयनांबर’ म्हणतात. दिवसा या थरांपैकी खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला, की तो थर विरळ होतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत जातात आणि आरशावरून प्रकाश परतावा तशा पुन्हा जमिनीकडे परततात. म्हणून दिवसा जवळपास ऐकू येणारे केंद्र रात्री शेकडो किलोमीटर दूर ऐकू येते. लघुलहरी तर याच रीतीने हजारो किलोमीटर जातात.

दोन केंद्रे एकाच कंप्रतेवर बोलू लागली, तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला खरखर तेवढी ऐकू येते. म्हणून कंप्रता वाटून घ्याव्या लागतात. भांडण सुरू झाले ते याच वाटणीवरून.

वाटणीत विसरलेला शेजारी

१९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडा यांनी मध्यम लहरींच्या कंप्रता आपसांत वाटून घेतल्या. मेक्सिकोसाठी त्यांनी एकही राखून ठेवली नाही. घराची वाटणी व्हावी आणि तिसऱ्या भावाला कोणी विचारूच नये, तसे हे झाले. मेक्सिकोला याचा राग येणे साहजिक होते. वाटणीत आपल्याला जागाच नसेल, तर तिचे बंधन आपण का पाळावे, असा सवाल उभा राहिला. म्हणून अमेरिकेत ज्यांना परवाना मिळत नव्हता, अशा काही लोकांना मेक्सिकोने सरहद्दीलगत केंद्रे काढू दिली.

अशा लोकांपैकी सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे जॉन ब्रिंक्ले. तो अमेरिकेतील कॅन्सस राज्यात दवाखाना चालवत असे. बोकडाच्या ग्रंथी माणसाच्या शरीरात बसवल्या, की म्हातारपण दूर होते, असा त्याचा दावा होता. या दाव्याला शास्त्राचा काहीही आधार नव्हता. त्याच्या शस्त्रक्रियांमुळे अनेक रुग्ण दगावले. त्याचे स्वतःचे रेडिओ केंद्रही होते. श्रोते पत्राने आपल्या आजाराची लक्षणे कळवत. तो रुग्णाला न पाहता, न तपासता, रेडिओवरूनच औषध सांगत असे. १९३० साली अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्याच्या केंद्राचा परवाना पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. त्याच वर्षी कॅन्ससने त्याचा वैद्यकीय परवानाही काढून घेतला.

तरी ब्रिंक्ले गप्प बसला नाही. टेक्सास राज्यातील डेल रिओ हे गाव रिओ ग्रांदे नदीच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे मेक्सिकोतील गावाला तेव्हा व्हिया अकुन्या म्हणत. तेथे त्याने १९३१ साली मोठे मनोरे उभारून केंद्र सुरू केले. मनोरे मेक्सिकोत, भाषा इंग्रजी आणि ऐकणारे अमेरिकेत! तो स्वतः अमेरिकेत बसून टेलिफोनच्या तारेवरून बोलत असे आणि त्याचा आवाज नदीपलीकडून आकाशात जात असे. अमेरिकेत केंद्राच्या शक्तीला साधारणपणे ५० किलोवॅटची मर्यादा होती. ब्रिंक्लेच्या केंद्राची शक्ती पुढे ५०० किलोवॅटपर्यंत गेली.

या केंद्राने फक्त वाईटच केले, असे मात्र म्हणता येणार नाही. कार्टर कुटुंबासारख्या लोकगायकांची गाणी याच मनोऱ्यांवरून अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. तोच मनोरा एका तासाला सुरेल गाणे ऐकवी आणि पुढच्या तासाला खोटे औषध विकी.

अमेरिकेने केलेला नियम

आता अमेरिकेने काय करावे? मनोरा तिच्या जमिनीवर नव्हता. तो पाडण्याचा अधिकार तिला नव्हता. ऐकणाऱ्यांच्या घरात शिरून रेडिओ बंद करणेही योग्य नव्हते. मात्र एक गोष्ट तिच्या हातात होती. बोलणारा माणूस तिच्या जमिनीवर बसलेला होता.

१९३४ च्या दळणवळण कायद्यात एक कलम घालण्यात आले. ते असे, की अमेरिकेत स्टुडिओ ठेवून तेथील कार्यक्रम परदेशातील केंद्राकडे पाठवायचे असतील आणि त्या केंद्राचा आवाज अमेरिकेत नियमित ऐकू येत असेल, तर आधी सरकारी आयोगाकडून परवाना घेतलाच पाहिजे.  लोक या कलमाला ‘ब्रिंक्ले कायदा’ म्हणू लागले.

मूळ भांडण मात्र वाटणीचे होते. ते मिटवण्यासाठी १९३७ साली हवाना येथे उत्तर अमेरिकेतील देशांनी करार केला. त्यात मेक्सिकोला त्याच्या हक्काच्या कंप्रता मिळाल्या. हा करार मार्च १९४१ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी ब्रिंक्लेचे केंद्र बंद पडले. म्हणजे कायद्याने जे पुरते साधले नव्हते, ते साधायला शेजाऱ्याला त्याचा वाटा द्यावा लागला.

मेक्सिकोचे नियम

मेक्सिकोची बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या जमिनीवरचे केंद्र रात्रंदिवस परक्या भाषेत बोलत आहे आणि केंद्राशेजारी राहणाऱ्यालाच त्यातले काही कळत नाही, हे कोणत्या देशाला आवडेल?

म्हणून मेक्सिकोनेही नियम केले. १९६० च्या कायद्याप्रमाणे केंद्राचा परवाना मेक्सिकोच्या नागरिकांना किंवा त्यांच्या कंपन्यांनाच मिळे. केंद्राने राष्ट्रभाषा म्हणजे स्पॅनिश वापरावी, असा सर्वसाधारण नियम होता. खास बाब म्हणून परकी भाषा वापरायची असेल, तर गृहखात्याची परवानगी लागे आणि जे सांगितले त्याचा पूर्ण किंवा थोडक्यात स्पॅनिश अनुवादही द्यावा लागे. सरकारी माहितीसाठी रोज काही वेळ मोकळा ठेवणे बंधनकारक होते. १९३७ पासून रविवारी रात्री सर्व केंद्रांवरून ‘राष्ट्रीय तास’ नावाचा कार्यक्रम होऊ लागला. राष्ट्रगीत वाजवण्याचाही नियम झाला.

तिहुआना हे मेक्सिकोचे शहर अमेरिकेतील सॅन दिएगोच्या अगदी शेजारी आहे. तेथील ६९० किलोहर्ट्झच्या केंद्रावरून १९६१ साली इंग्रजीत सतत बातम्या देण्यास सुरुवात झाली. त्या मुख्यतः अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या लोकांसाठी होत्या. पुढे याच शहरातील एका एफएम केंद्रावर इंग्रजी रॉक संगीत सुरू झाले.  अशा केंद्रांवर इंग्रजी गाण्यांच्या मध्येच निवेदक स्पॅनिशमध्ये केंद्राचे नाव सांगे. श्रोत्याला त्याची गंमत वाटे, पण ते नियमाचे पालन होते.

केंद्राच्या नावावरूनही त्याचा देश ओळखता येतो. आंतरराष्ट्रीय करारांनी प्रत्येक देशाला काही अक्षरे नेमून दिली आहेत. मेक्सिकोच्या केंद्रांची नावे ‘एक्स’ने सुरू होतात, तर अमेरिकेची ‘के’ किंवा ‘डब्ल्यू’ने. आपल्या देशातील हौशी रेडिओचालकांची नावे बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होतात.

जगाचा नियम आणि आपला अनुभव

जगातील देशांनी मिळून केलेल्या रेडिओ नियमावलीत एक महत्त्वाचे तत्त्व आहे. मध्यम लहरींच्या आणि एफएमच्या केंद्राने आपल्या देशात चांगले ऐकू येण्यासाठी जेवढी शक्ती लागते, त्याहून जास्त वापरू नये. लांब जाणाऱ्या लघुलहरींना मात्र हे बंधन नाही. दूरच्या देशांशी बोलण्याचा तो मान्य मार्ग आहे.

याच मार्गाने एक आवाज आपल्या आजी-आजोबांच्या घरी येत असे. १९५२ साली बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांवर निर्बंध आले. तेव्हा लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. कोलंबोच्या या केंद्रावरून हिंदी गाणी लागत. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिचे निवेदक अमीन सायानी यांची हिंदी-उर्दू मिश्रित गोड भाषा घराघरांत पोहोचली. विशेष म्हणजे हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि ध्वनिफिती कोलंबोला पाठवल्या जात. 

भारताने यावर दुसरा उपाय केला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली. लोकांना जे हवे होते, ते आपल्याच केंद्रावरून दिले. पुढे १९८९ साली गीतमालाही विविध भारतीवर आली. आपणही परक्या भाषांत बोलत आलो आहोत, हे विसरू नका. आकाशवाणीची परदेशांसाठीची सेवा १ ऑक्टोबर १९३९ रोजी पश्तू भाषेत सुरू झाली होती.

जुना नियम, नवी गोष्ट

१९३४ चा नियम आता अडगळीत पडला असेल, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. तिहुआनाजवळच्या त्याच ६९० किलोहर्ट्झवरून अलीकडे चीनच्या मँडरिन भाषेत कार्यक्रम होत होते. ते कॅलिफोर्नियातील स्टुडिओत तयार होत आणि तेथील चिनी भाषकांसाठी असत. म्हणजे मनोरा स्पॅनिश बोलणाऱ्या देशात, श्रोते इंग्रजी बोलणाऱ्या देशात आणि भाषा तिसरीच! जून २०२० मध्ये अमेरिकेच्या आयोगाने या केंद्राचा अर्ज फेटाळला. कार्यक्रम तयार करणाऱ्या कंपनीचे नाव अर्जदार म्हणून दिलेले नव्हते, हे त्याचे कारण होते. अठ्ठेचाळीस तासांत कार्यक्रम थांबवण्याचा हुकूम झाला.

कारण नीट लक्षात घ्या. मँडरिन भाषा बोलली, हा गुन्हा नव्हता. खरा बोलणारा कोण, हे अर्जात सांगितले नाही, हा दोष होता.

मित्रांनो, तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत दुसरी वाचता, बाजारात तिसरी ऐकता. शेजारच्या भाषेतला आवाज कानावर पडणे ही चांगलीच गोष्ट आहे. त्यातून गाणी येतात, बातम्या येतात, ओळख वाढते. पण त्याच वाटेने ब्रिंक्लेसारखा माणूसही येतो. दार उघडे ठेवावे, पण आत येणाऱ्याला ‘आपण कोण? कोणाकडून आलात?’ असे जरूर विचारावे. रेडिओचे चांगले नियम हेच विचारतात. आज तुमच्या हातातील फोनवर तर साऱ्या जगाचे आवाज येतात आणि तेथे विचारणारा चौकीदार बहुधा नसतो. म्हणून हा प्रश्न आता तुम्हांला स्वतःलाच विचारावा लागेल.

स्वाध्याय

१. मध्यम लहरींचे केंद्र रात्री दूरवर का ऐकू येते?
२. मेक्सिकोने सरहद्दीलगत केंद्रे का काढू दिली?
३. ‘ब्रिंक्ले कायदा’ कोणाला लागू होतो, ते दोन-तीन वाक्यांत सांगा.
४. परक्या केंद्राच्या लोकप्रियतेवर अमेरिकेने आणि भारताने कोणते वेगवेगळे उपाय केले? तुम्हांला कोणता अधिक पटतो? का?
५. सरहद्द, परवाना, हकीकत, हुकूम, सवाल हे शब्द उर्दूत कसे बोलले जातात? त्यांचा मराठीत वाक्यांत उपयोग करा.
६. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्यांना रेडिओ सिलोनच्या आठवणी विचारा आणि त्या मराठीत दहा ओळींत लिहा.