तगराचे तोंड पूर्वेकडे

सांगोल्याच्या वारकऱ्याला तेर ठाऊक असते ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. मिरजेहून सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत लातूरला जाणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेने हा सगळा मुलूख विसाव्या शतकात एका रुळावर आणला. पण त्याच्या सुमारे दोन हजार वर्षे आधी तेरणाकाठचे हे गाव ‘तगर’ या नावाने भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर असल्याचे सांगितले असून, तगराहून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात येत असे, अशीही नोंद आहे.

हे तगर नेमके कोठे, यावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पंडितांची चांगलीच जुंपली. विल्फर्ड यांनी दौलताबाद सुचवले आणि भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर. परंतु पहिले पैठणच्या वायव्येस व दुसरे पश्चिमेस असल्याने दोन्ही मते ग्रंथातील दिशेशीच विसंगत ठरतात. रा. गो. भांडारकर यांनी धारूर पुढे केले, आणि निव्वळ दिशा पाहिली तर ते तेरपेक्षा सरसच म्हणावे लागते, कारण धारूर पैठणच्या आग्नेयेस आहे, तर तेर त्याहूनही दक्षिणेकडे कललेले. अडचण येते ती अंतराची. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर सुमारे १५०, म्हणजे दिवसाला पंधरा. धारूर मानले, तर त्याच गाड्यांची चाल अकराच्याही खाली उतरते. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि वाद जवळजवळ मिटला. कोकण-कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे आपले मूळ या नगरात असल्याचे अभिमानाने मिरवीत. त्या बिरुदाचे गावही अशा रीतीने सापडले.

नाव मिळाले, तरी नगराचा आराखडा मिळाला नाही. इटलीतील पाँपेईवर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीची राख पडली आणि ते शहर जसेच्या तसे थांबले, त्यामुळे पुरातत्त्वज्ञ फियोरेल्ली यांना एकोणिसाव्या शतकात त्याचे विभाग व घरांचे गट पाडून प्रत्येक दाराला क्रमांक देता आला. तेर मात्र कधी थांबलेच नाही. जुन्या वस्तीच्या राखाडी मातीचा थर, ज्याला गावकरी पांढर म्हणतात, त्याची टेकाडे गावाभोवती आहेत, घरे त्यांच्या अंगावर चढली आहेत, आणि त्रिविक्रम, उत्तरेश्वर व कालेश्वर ही विटांची मंदिरे आजच्या वस्तीतच गुंतलेली आहेत.

यांपैकी त्रिविक्रम मंदिराने अभ्यासकांना सर्वाधिक छळले. त्याचा गाभारा चापाकृती, म्हणजे मागच्या बाजूस अर्धगोल असून वर हत्तीच्या पाठीसारखे गोल छप्पर आहे, आणि पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. हेन्री कझन्स यांनी १९०२-०३ च्या पुरातत्त्व अहवालात हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. कार्ले-भाजेची लेणी पाहिलेल्या कोणालाही ते पटावे असेच आहे. तथापि आकार बौद्ध म्हणून वास्तूही बौद्धच, हा निष्कर्ष घाईचा होतो, कारण चापाकृती मंदिरे ब्राह्मणी परंपरेतही बांधली गेली. या मंदिराचे सर्वांत जवळचे भावंड आहे आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर.

आंध्राचा हा धागा पुढे आणखी घट्ट होतो. १९६० च्या दशकातील उत्खननात तेर येथे सातवाहनकालीन विटांचा स्तूप मिळाला, त्याचा पाया चाकाच्या आऱ्यांसारख्या भिंतींनी बांधलेला होता. ही रीत नागार्जुनकोंडा आणि परिसरातील स्तूपांची. पेरिप्लसमध्ये तगराला समुद्रकिनाऱ्याकडच्या प्रदेशांतून माल येई असे म्हटले आहे, आणि तो किनारा पूर्वेचा मानला, तर लेख आणि वीट एकच गोष्ट सांगू लागतात. तेरवर लिहिणारे बहुतेक जण रोमकडे पाहतात, नाणी, दिवे, मणी मोजतात. वास्तूंचा कल मात्र कृष्णा-गोदावरीच्या मुखांकडे आहे. गवंडी जिकडून आले, तिकडे गावाचे खरे नाते असावे, आणि रोम हे त्या गावाचे दूरचे गिऱ्हाईक.

रोमचे आकर्षण टिकले ते एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीमुळे. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना पाँपेईत भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती भोकरदन व तेर येथे आढळल्या. पाँपेईच्या मूर्तीचा पत्ता पहिला विभाग, आठवा गट, पाचवे दार इतका नेमका देता येतो. तेरची मूर्ती मात्र उत्खननाच्या थरातून नव्हे, तर रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून पुढे आली. गावात सापडणाऱ्या वस्तू या गृहस्थांनी जपून ठेवल्या नसत्या, तर आज त्यांच्या नावाने उभे असलेले शासकीय संग्रहालय रिकामेच राहिले असते. परंतु वस्तू वाचली, तरी तिची जागा वाचतेच असे नाही, आणि आराखडा काढायचा तर वस्तूपेक्षा जागाच मोलाची. स्तूप आणि त्रिविक्रम यांच्यामधली जमीन थराथराने तपासल्याशिवाय कझन्स यांचे चैत्यगृह खरे की खोटे, हे निव्वळ शैलीवरून ठरणार नाही.