30 लाखांचा दंड आणि 901 रुपयांची पावती

केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि 11 डिसेंबरपर्यंत हरकती मागवल्या. पाकिटावर क्यूआर कोड, मोठ्या गुन्ह्याला 30 लाख रुपयांपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, हे सगळे मथळे एव्हाना वाचून झाले आहेत. तेलंगण आणि महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कापूसपट्ट्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु मंडलात उभे राहून हा मसुदा वाचला की पहिला प्रश्न मनात येतो तो दंडाच्या पैशाचा. हे पैसे जातात कुठे? ते सरकारजमा होतात. ज्याची सरकी उगवली नाही, ज्याने दुसऱ्यांदा बियाणे विकत आणले, ज्याची पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली पण बोंड धरले नाही, त्याच्या हाती त्यातला एक रुपयाही पडत नाही. त्याच्या हाती पडते ती भरपाई. आणि भरपाईची वाट आजच्या घडीला ग्राहक आयोगातून जाते.

ही वाट नवी नाही. ती आपल्याच भागातल्या शेतकऱ्यांनी पाडली आहे, आणि ती कशी पाडली हे गावोगाव माहीत असायला हवे.

शेतकरी ग्राहक आहे का?

तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशातल्या काही शेतकऱ्यांनी नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाचे बियाणे पेरले आणि पीक हातचे गेले. ते जिल्हा ग्राहक मंचात गेले आणि जिंकले. महामंडळ अपिलांमागून अपिले करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: बियाण्यांसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा ग्राहक मंचाचा इथे संबंध नाही. शेतकरी पीक विकून पैसे कमावतो, म्हणजे त्याची खरेदी व्यापारी आहे आणि तो ग्राहकच नव्हे. शिवाय त्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतलेला नाही.

16 जानेवारी 2012 रोजी न्या. जी. एस. सिंघवी आणि न्या. एस. जे. मुखोपाध्याय यांच्या पीठाने हे तिन्ही मुद्दे फेटाळले. बियाण्यांचा कायदा असला तरी ग्राहक कायद्याचा मार्ग खुला राहतो. पोटासाठी शेती करणारा माणूस बियाण्याचा ग्राहकच आहे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मला सगळ्यात मोलाचे वाटते. शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरून टाकतो. उद्या खटला करावा लागेल म्हणून मूठभर सरकी बांधून ठेवावी, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. त्याच लॉटचे बियाणे कंपनीकडे असते, कंपनीला शंका असेल तर तपासणीची मागणी तिने करावी. जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रिड सीड्स म्हणजे महिको कंपनीच्या एका प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये हीच भूमिका घेतली होती.

शेतात बारा महिने राबणाऱ्या माणसाची अडचण न्यायालयाने इतक्या नेमकेपणाने ओळखावी, ही लहान गोष्ट नाही.

सीमेवर कायदा कुणाचा?

तलमडुगुत तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी एका बाजारात ऐकू येतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, पण सोयरीक आणि बाजार तुटले नाहीत. बियाणे कधी आदिलाबादच्या कृषी केंद्रातून येते, कधी किनवट-पांढरकवड्याहून. अडचण आली की हीच सीमा आडवी येते. मंडल कृषी अधिकारी शेत पाहू शकतात, पण महाराष्ट्रातल्या दुकानाचा परवाना त्यांच्या हातात नसतो. तिकडच्या अधिकाऱ्याला इकडचे शेत दिसत नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही गाठ सोडवली. तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. जुन्या 1986 च्या कायद्यात तक्रार मुख्यतः दुकान किंवा कंपनी जिथे असेल तिथे करावी लागे. नव्या कायद्याच्या 34 व्या कलमाप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही ती करता येते. तलमडुगुच्या शेतकऱ्याने पांढरकवड्यात बियाणे घेतले तरी तो आदिलाबादच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकतो. यवतमाळच्या शेतकऱ्याने आदिलाबादेत घेतले तर तो यवतमाळला जाईल. दुकानदाराने आणि कंपनीने त्याच्या गावाकडे यायचे.

खर्चाचे गणितही बदलले आहे. कोणत्या आयोगात जायचे आणि फी किती, हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, वस्तूसाठी मोजलेल्या पैशावर ठरते. 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. 2025-26 साठी बोलगार्ड-2 कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्राने 901 रुपये ठरवली होती. त्या दराने दहा बॅगा घेतल्या तर 9,010 रुपये. बुडालेल्या पिकाची भरपाई लाखांत मागितली तरी तक्रारीला एक रुपया फी लागत नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. 2025-26 च्या हंगामात कापूस महामंडळाने खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर स्लॉट घ्यायला लावला. क्विंटलला 8,110 रुपयांच्या हमीभावासाठी ज्या घरातल्या पोराने ते ॲप चालवले, त्याला हे पोर्टलही जमेल. अडले तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारावे.

मुदत मात्र लक्षात ठेवावी: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

उधारीची पावती

हे सगळे ज्या एका कागदावर उभे आहे, तो कागद म्हणजे पावती. आणि नेमकी तीच बऱ्याच घरांत सापडत नाही.

कारण उधारी. जूनमध्ये हातात पैसा नसतो. दुकानदार बॅगा देतो, खत देतो, औषध देतो आणि आपल्या वहीत लिहितो. कापूस निघाला की हिशेब, आणि हिशेब मिटला की पावती, असा रिवाज पडला आहे. शेतकऱ्याला वाटते, पैसे दिले नाहीत तर पावती कोणत्या तोंडाने मागायची?

कायदा याच्या उलट सांगतो. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाप्रमाणे खरेदी रोख असो वा उधार, ग्राहकाला पावती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. दुकानात रोजचा साठा आणि दर लिहिलेला फलक लावणेही बंधनकारक आहे. उधारीत घेतलेला माल शेतकऱ्याचाच असतो आणि त्या मालाबद्दलचा त्याचा हक्कही पूर्ण असतो. पावती मागताना त्याने मान खाली घालायचे काही कारण नाही.

पावतीवर काय पाहायचे? आपले नाव आणि गाव, तारीख, दुकानाचा परवाना क्रमांक, कंपनी, वाण, किती बॅगा, काय दर. आणि लॉट नंबर. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. कपाशीच्या संकरित बियाण्याची उगवणशक्ती किमान 75 टक्के असावी लागते. त्याच जागी लॉट नंबर असतो. तो आणि पावतीवरचा नंबर दुकानातच ताडून पाहावा. रिकामे पाकीट चुलीत किंवा बांधावर टाकू नये. पावती आणि पाकीट पट्टादार पासबुकात एकत्र ठेवावे.

याच हंगामात लपूनछपून विकली जाणारी तणनाशक सहन करणारी कपाशीही गावात येते. तिला मंजुरी नाही, म्हणून तिला पावती नाही आणि पावती नाही म्हणून दाद नाही. निंदणीची मजुरी वाचते हे खरे, पण बियाणे फसले तर सगळी जोखीम शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. हे त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

शेतकऱ्याच्या बाजूची जबाबदारी

हक्काबरोबर पुरावा येतो. 2005 मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पीक कमी आले एवढ्यावरून बियाणे खराब ठरत नाही. पाऊस, जमीन, पेरणीची खोली, मशागत, कारणे कितीही असू शकतात. त्या प्रकरणात कृषी अधिकाऱ्यांच्या अहवालात बियाण्याचा दोष लिहिलेला नव्हता आणि शेतकरी हरला.

म्हणून आठवडा-दहा दिवसांत सरकी वर आली नाही तर शेत मोडण्याआधी मंडल कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. रैतू वेदिकेत म्हणजे शेतकरी सभागृहात बसणाऱ्या कृषी विस्तार अधिकाऱ्यालाही कळवावे. पंचनाम्यात उगवणीची टक्केवारी आणि कारण दोन्ही लिहून घ्यावे. दुकानदार आणि कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने कळवावे, म्हणजे ‘आम्हाला बोलावलेच नाही’ असे त्यांना म्हणता येणार नाही. शेजारच्या शेतात त्याच दिवशी दुसरे वाण पेरलेले असेल आणि ते नीट उगवले असेल, तर दोन्ही शेतांचे फोटो काढावेत. पाऊस दोघांना सारखाच पडला होता, याचा हा सगळ्यात साधा पुरावा आहे.

मसुद्यात काय हवे

ग्राहकहिताच्या कायद्याने या भागाचे भले केल्याचा दाखला आहे. 2006 मध्ये आंध्र प्रदेश सरकार बीटी कपाशीच्या अवाच्या सवा किमतीविरुद्ध मक्तेदारीला आळा घालणाऱ्या एमआरटीपी आयोगापुढे गेले. 1,600 रुपयांच्या पुढे गेलेले 450 ग्रॅमचे पाकीट 750 रुपयांवर आले आणि त्याचा फायदा देशभरच्या शेतकऱ्यांना झाला.

आता पुन्हा तशी संधी आहे. क्यूआर कोड स्वागतार्ह आहे, पण त्याने कंपनीपासून दुकानापर्यंतचा माग लागतो. दुकानापासून शेतापर्यंतचा माग पावतीच देते. म्हणून तीन गोष्टी कायद्यात शब्दांत लिहिल्या जाव्यात. एक, विक्री करतानाच कोड स्कॅन होऊन शेतकऱ्याच्या नावाची, लॉट नंबरची पावती निघावी, रोखीला आणि उधारीलाही. दोन, ती त्याला वाचता येईल अशा भाषेत असावी. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जाचे मुख्य तथ्यपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे सक्तीचे केले. बँकेला जे जमते ते कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या बियाणे कंपनीला न जमायला काय झाले? तलमडुगुत तेलुगूबरोबर मराठी पावती निघायला एका ओळीचा नियम पुरेसा आहे. तीन, अर्ज आल्यापासून ठरावीक दिवसांत पंचनामा व्हावा, आणि तो वेळेत झाला नाही तर बियाणे निर्दोष होते हे कंपनीने सिद्ध करावे. न्यायालयाने नमुन्याच्या बाबतीत जे तत्त्व मानले, त्याचाच हा पुढचा टप्पा आहे.

दंडाची रक्कम 30 लाखांवरून 50 लाख केली तरी कोरड्या तासांत पुन्हा सरकी डोबणाऱ्याचा खर्च भरून निघणार नाही. भरपाईचे कलम असेल तर निघेल. ग्रामसभांनी, शेतकरी संघटनांनी आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आमदार-खासदारांनी वरच्या तीन गोष्टींबरोबर हे कलमही लेखी मागावे. आणि ते मिळो न मिळो, येत्या जूनमध्ये उधारीच्या पहिल्या बॅगेपासून पावती मागावी. तो हक्क आजच, विधेयकाची वाट न पाहता, आपला आहे.