पिंजऱ्यातला राघू, हातावरचा ससाणा

नरसी नामदेव या गावच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की राघूंचे थवे कणसांवर उतरतात. हाच राघू पिंजऱ्यात पाळणे मात्र वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार (१९७२) गुन्हा आहे. मग तो मिठू-मिठू कितीही गोड बोलो. करण पोपट, शिकरा, ससाणा यांनाही तोच कायदा लागू. त्यामुळे महाराष्ट्रात खासगी पैदास होते ती परदेशी पोपटांची: बजरीगार, कॉकटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे, मकाव. यांतल्या दुर्मिळ जाती बाळगणाऱ्याला याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर पक्ष्यांची नोंदणी करावी लागते. पिल्ले जन्मली किंवा पक्षी मेला तरी कळवावे लागते.

बजरीगारची मादी मडक्यात किंवा लाकडी खोक्यात एक दिवसाआड एक अंडे घालते आणि लगेच उबवायला बसते. अंडे साधारण १८ दिवसांनी फुटते. म्हणूनच एकाच मडक्यात पिसे फुटलेले थोरले आणि उघडेबोडके धाकटे पिल्लू शेजारी-शेजारी दिसते. कोवळ्या पायात बिनसांध्याची कडी सरकवतात. पाय वाढला की ती निघत नाही. पक्षी पैदाशीतला असल्याची ती खूण.

शिकारी पक्ष्यांची पैदास फार अवघड. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन अमेरिकेत बहिरी ससाणे संपत आले, तेव्हा पक्षितज्ज्ञ टॉम केड यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात त्यांची पैदास केली. माणसाने वाढवलेला नर माणसालाच जोडीदार मानतो. म्हणून कृत्रिम रेतनासाठी त्याचे वीर्य मिळवायला पाळणारा चक्क एक खास टोपी घालून बसतो आणि ससाणा तिच्यावर उतरतो.