हिरवा पडदा आणि हिरवा चुडा

मध्यंतरी एका नवरीचा फोटो माझ्याकडे दुरुस्तीला आला. हिरव्या पडद्यापुढे उभं करून काढलेला, मग पडदा उडवून मागे वाड्याचा दरवाजा लावलेला. चेहरा सुरेख, नथ सुरेख. मनगटांकडे नजर गेली आणि काळजात चर्र झालं. चुड्याच्या जागी भोकं पडली होती आणि त्यांतून दरवाज्याच्या फळ्या दिसत होत्या. ‘हिरवं ते काढ’ असं सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, त्याने इमानेइतबारे काढलं.

पडदा हिरवाच लागतो हा सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. खरा नियम एवढाच, की समोरच्या माणसाच्या अंगावर जो रंग नाही तो पडद्याला हवा. हिरवा रूढ झाला तो कॅमेऱ्यामुळे. डिजिटल सेन्सरवर रंग टिपणारी जी जाळी सर्रास वापरतात, ती कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ सालचं. तिच्यात दर चार घरांमागे दोन हिरवी, एक लाल, एक निळं. त्यामुळे हिरव्याची नोंद सर्वांत भरघोस मिळते. फिल्मच्या जमान्यात निळा पडदा चालायचा. लॅरी बटलर यांनी १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये तोच वापरला. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये नायकाच्या पोशाखात निळा होता म्हणून त्याला हिरव्यापुढे उभं केलं आणि हिरव्या खलनायकाला निळ्यापुढे. आपल्या लग्नांत तर हिरवा चुडा ठरलेलाच. मग नवरीसाठी निळा पडदा का नाही? साडी निळी असेल तर साधा राखाडी पडदा लावून हाताने कटिंग करावं. वेळ जातो, पण बांगडी शाबूत राहते.

दुसरा समज असा, की रंगावर एक क्लिक केलं की काम झालं. इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक फोटो इथेच बिघडतात. कानाजवळची एक बट चारशे टक्के मोठी करून पाहा. केस पिक्सेलपेक्षाही बारीक असतो. म्हणून त्या एका ठिपक्यात थोडा केस आणि थोडा पडदा मिसळून शेवाळी काळपट रंग दिसतो. तो ठेवला तर डोक्याभोवती हिरवी किनार राहते, काढला तर केस कात्रीने छाटल्यासारखे दिसतात. त्याला अर्धपारदर्शक करायचं आणि त्यातला हिरवा वेगळा काढायचा, असं दुहेरी काम असतं. एका क्लिकवर रंग निवडणारं ‘मॅजिक वाँड’ ते नीट करू शकत नाही.

अडचण मुळात गणिताची आहे. पिक्सेल आपल्याला तीन आकडे देतो: लाल, हिरवा, निळा. पडद्याचा रंग पक्का माहीत असला तरी शोधायचे चार असतात: वस्तूच्या रंगाचे तीन आणि पारदर्शकतेचा एक. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर इथे अंदाजच बांधतं. स्मिथ आणि ब्लिन या दोघांनी १९९६ साली दाखवलं, की तीच वस्तू दोन वेगळ्या रंगांपुढे टिपली तर उत्तर नेमकं निघतं. क्रोशाचं तोरण किंवा मोरपीस असं निश्चल काही असेल, तर कॅमेरा आणि लाइट न हलवता फक्त पडदा बदलून दोन फोटो घ्या. माणसाला हे जमत नाही. श्वासानेही बट हलते.

‘हिरवी झाक नंतर काढता येते’ हेही अर्धंच खरं. पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड गालावर, खांद्यावर आणि सर्वांत जास्त जरीवर पडतो. झाक काढण्याची एक नेहमीची रीत म्हणजे हिरवा आकडा लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर गेला, की तिथवर खाली ओढायचा. गालाला ते मानवतं. पैठणीचा पोपटी काठ मात्र मातकट होऊन जातो. माणूस पडद्यापासून दोनेक मीटर पुढे उभा केला आणि पडद्याला स्वतंत्र लाइट दिले, तर झाक मुळातच कमी पडते.

फाइलचंही तसंच. जेपेगमध्ये बहुधा चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. डोळ्याला कळत नाही, पण रंगावरून कटिंग करताना कडेला पायऱ्या दिसतात. शक्य तिथे रॉ फाइल घ्या. कापलेला फोटो पीएनजीत ठेवा. जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही.

आता एआय आलं, पडद्याची गरज संपली, असंही ऐकू येतं. एआय आकार ओळखतं, त्यामुळे ते चुडा बहुधा खाणार नाही, हे त्याचं मोठं बळ. पण गजऱ्याची कडा आणि कोपर-कंबरेमधली फट त्याला अजून फसवतात. मी दोन्ही जोडून वापरते: आतला भाग आकारावरून राखायचा आणि कडा रंगावरून सोडवायची.

त्या नवरीची मूळ फाइल मागवली. हातांचा भाग राखून ठेवणारा मास्क लावून बांगड्या परत आणल्या, तर आता बांगडी आणि मनगट यांच्यामधल्या फटीत पडदाही परत आला, जवळजवळ त्याच हिरव्याचा. फरक एकच होता: काचेवर उजेडाची बारीक रेघ होती, पडदा सपाट होता. ती रेघ धरून एकेक फट हाताने रिकामी केली. दोन संध्याकाळी गेल्या.