अंगणाच्या फरशीच्या दरजा : कशानें व कशा भराव्या

घर बांधतांना मनुष्य पायाचा विचार करितो, भिंतींचा करितो, छपराचा तर रात्रंदिवस करितो. परंतु घरापुढील अंगणाचा विचार बहुधा सर्व पैसा संपल्यावर होतो. फरशी पाहून-पारखून आणिली जाते, गवंडीहि ओळखीचा असतो; मात्र दोन फरशांमधील जागा ‘जें उरेल तें ओता’ या न्यायानें बुजविली जाते. पुढें दोन पावसाळ्यांत त्या दरजा उकलतात, मुंग्या माती वर काढतात, हरळी डोकें वर काढते, आणि पावसाचें पाणी फरशीखालून जोत्याकडे जाऊं लागतें. दोष फरशीस दिला जातो; खरा दोष दरजेचा असतो.

ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. महसूल खात्यांत चाकरी करीत असतां अतिवृष्टीनंतर पडझड झालेल्या घरांचे पंचनामे लिहिण्याचा प्रसंग मजवर अनेक वेळां आला. पंचनाम्यांत ‘भिंत पडली’ एवढेंच लिहावयाचें असतें. परंतु जागेवर उभें राहून कारण शोधूं गेल्यास पुष्कळ ठिकाणीं पाणी छपरांतून नव्हे, तर खालून आलेलें दिसे. पांढऱ्या मातीची भिंत वरचा पाऊस सोसते. बुडाशीं मुरलेलें पाणी सोसत नाहीं. ज्या भिंतीच्या कडेला लेंकरें निजतात, तिच्या पायथ्याशीं पाणी साठूं द्यावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न अंगणाच्या दरजेंत दडलेला असतो.

आपल्या आळे गांवच्या परिसरापुरता विचार करूं. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो. आळ्याकडे येईपर्यंत तो पुष्कळ ओसरतो. परंतु पाऊस कमी म्हणून धोका कमी, असें मात्र नाहीं. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळून आकसते. तिच्यावर जें जें ताठ बसविलें जाईल, तें वर्षांतून दोनदां हलणार. पूर्वीं अंगण शेणानें सारवीत. तडा गेला तर पुढच्या सारवणांत तो बुजे. आतां गोठ्यांत जनावरें कमी झालीं, बायाबापड्यांना शेतांतून सवड नाहीं, म्हणून कर्नाटकांतून येणारी शहाबादी फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे अंगणांत आले. त्यांवर आपण कांदा निवडतों, बाजरी व हरभरा वाळवितों, आणि प्रसंगीं भरलेली ट्रॉलीहि उभी करितों. इतकीं कामें एका अंगणाकडून घ्यावयाचीं, तर त्याच्या दरजा विचारानें भरल्या पाहिजेत.

दरजेचीं कामें तीन. एक, शेजारच्या दोन फरशांना जागच्या जागीं धरून ठेवणें. दुसरें, पाण्याला वाट देणें किंवा अडविणें. तिसरें, उन्हानें व ओलीनें होणारी हालचाल सोसणें. यांतून एक नियम निघतो, आणि या सर्व लेखाचें सार तोच आहे : खालचा थर जसा, तशी दरज. मुरूम व वाळूच्या हलत्या थरावर फरशी बसविली असेल तर दरजहि सुटी, म्हणजे वाळूची, असावी. खालीं काँक्रिटचा ताठ थर असेल तरच सिमेंटची ताठ दरज टिकते. हलत्या थरावर ताठ दरज भरली कीं ती केसासारखी चिरते. त्या चिरेंतून पाणी आंत जातें आणि त्याला बाहेर येण्यास वाट राहत नाहीं.

आतां एकेका पदार्थाचे गुणदोष पाहूं.

वाळू व दगडी कच. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्यें भाजक्या विटांचा तुटवडा पडला, तेव्हां तेथील लोकांनीं रस्त्यांसाठीं सिमेंटचे ठोकळे वापरण्यास आरंभ केला. ते ठोकळे वाळूच्या थरावर बसवून दरजांतहि वाळूच भरीत. आपल्याकडील ठोकळ्यांची रीत तीच आहे. बारीक वाळू दरजेंत गच्च बसली म्हणजे एका ठोकळ्यावरील भार शेजारच्या ठोकळ्यांवर वांटला जातो. जमीन थोडी हलली तरी वाळू सरकून पुन्हां बसते, आणि एखादा ठोकळा काढून पुन्हां बसविणें सोपें जातें. क्रशरवरील कचेचे कण टोंकदार असल्यामुळें ते एकमेकांत चांगले अडकतात. दोष दोन : मुंग्या व हरळी यांना ही दरज मानवते, आणि खराट्यानें ती झिजते.

चुना. आपल्या वाडवडिलांची दरज चुन्याची होती. चुना विरवून, वाळू किंवा विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळून, बैलांनीं ओढावयाच्या घाणींत तो मळीत. त्यांत गूळ व हिरड्याचें पाणी घालीत. आणि हिरडा तर आपल्याच जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांतला. चुन्याची दरज सावकाश घट्ट होते, पण सिमेंटइतकी कडक होत नाहीं. आणि हाच तिचा गुण आहे. फरशी किंचित् हलली तर ती थोडें सोसून घेते. जुन्या दगडी वाड्याच्या चौकाची दुरुस्ती करावयाची असेल तर तेथें सिमेंट न भरतां चुनाच भरावा. सिमेंटची दरज चुन्याहून फार कडक होते. मग ओल दरजेंतून न निघतां दगडांतून निघूं लागते आणि दगडाच्या कडा झडतात.

सिमेंट. इंग्लंडांतील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें एकस्व घेतलें. आपल्या देशांत पोरबंदर येथें १९१४ सालीं त्याचा कारखाना चालूं झाला. आज गांवोगांवीं तेंच मिळतें व गवंड्यास तेंच येतें. एक भाग सिमेंट व तीन भाग स्वच्छ वाळू, हें दरजेचें प्रमाण चांगलें. ही दरज धुतां येते, झाडतां येते, तिच्यांतून दाणा हरवत नाहीं. परंतु खालीं काँक्रिट नसेल तर ती व्यर्थ. शिवाय मोठ्या अंगणांत दर दहा फुटांवर एक दरज सिमेंटनें न भरतां लवचिक पदार्थानें भरावी. नाहीं तर उन्हानें फुगलेली फरशी जागा न मिळाल्यामुळें मधोमध उचलते.

पॉलिमर वाळू. हा नवा पदार्थ. बारीक वाळूंत चिकट द्रव्याची पूड मिसळलेली असते. दरजेंत भरून वर पाणी शिंपडलें म्हणजे ती घट्ट होते, तरी थोडी लवचिक राहते. मुंग्या व गवत यांना तिच्यांत सहज शिरकाव मिळत नाहीं. पण ती महाग आहे, आणि भरतांना फरशी व दरज पूर्ण कोरडी लागते. भरल्यानंतर पहिल्या दिवशीं पाऊस आला तर ती वाहून फरशीवर पांढरट थर बसतो. ढगाळ दिवसांत हिच्या वाटेस जाऊं नये.

याशिवाय एक चाल सर्वत्र दिसते : कोरडें सिमेंट दरजांवरून झाडावयाचें आणि वरून झारीनें पाणी मारावयाचें. यासारखें फसवें काम नाहीं. वरचा पापुद्रा घट्ट होतो, खालीं सिमेंट कोरडेंच राहतें. शिवाय फरशीवर डाग पडतात ते निराळे.

मग निवड कशी करावी? जेथें धान्य वाळवावयाचें, तेथें वाळूची दरज नको. खराट्याबरोबर वाळू धान्यांत येते, आणि भाकरींत खडा लागला म्हणजे घरांतील माणसें काय म्हणतात तें सांगावयास नको. खळ्यासाठीं खालीं चार इंच काँक्रिट घालून वर शहाबादी फरशी व सिमेंटची दरज, हेंच योग्य. जेथें ट्रॉली व मोटारसायकली उभ्या राहतात, तेथें जाड ठोकळे व वाळूची दरज बरी. घराच्या जोत्यालगत तीन फूट रुंदीचा पट्टा मात्र पाणी न मुरणारा असावा, आणि त्याचा उतार घरापासून दूर असावा. एकाच अंगणांत दोन जातीच्या दरजा असणें हा कमीपणा नव्हे.

कित्येकांस वाटतें कीं, चांगल्या दरजेचा खर्च फार येतो. हिशेब करून पाहूं. अंगण वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद, म्हणजे ३०० चौरस फूट. फरशी दोन फूट चौरस, म्हणजे ७५ नग. प्रत्येक फरशीच्या वांट्यास चार फूट दरज येते. एकूण ३०० फूट. दरज अर्धा इंच रुंद व दीड इंच खोल धरली तर सर्व दरजांची पोकळी दीड घनफुटांहून किंचित् अधिक भरते. एकास तीन या प्रमाणानें तिला अर्ध्या पोत्याहून कमी सिमेंट व सुमारें दीड घनफूट वाळू लागते. थोडी नासाडी धरली तरी अर्ध्या पोत्यांत काम होतें. ७५ फरशांच्या किंमतीपुढें हा खर्च तो किती! येथें काटकसर करणें म्हणजे बैलगाडी घेऊन कुणीची खीळ न घेणें होय.

वाळूविषयीं एक सूचना. नदीची वाळू हें गौण खनिज आहे. परवान्याविना ती उचलल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ अन्वये दंड होतो. ‘घरच्या कामापुरती चार पाट्या’ हें उत्तर तहसिलींत चालत नाहीं. दरजेच्या कामास क्रशरची धुतलेली वाळू उत्तम चालते. पावती घेऊन तीच आणावी.

आतां कृति. प्रथम काळी माती निदान सहा इंच उकरून काढावी. तेथें मुरूम दोन थरांत घालून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसानें ठोकावा. उतार दहा फुटांस दोन इंच ठेवावा. पाण्याच्या नळीनें तो तपासून घ्यावा. ठोकळ्यांचें काम असेल तर वाळूचा थर २० ते ४० मि. मी. जाड व दरज २ ते ४ मि. मी. रुंद ठेवावी. कडेला पक्की किनार बांधावी. किनार नसेल तर ठोकळे पसरतात आणि कोणतीहि दरज टिकत नाहीं. दरजेची वाळू २.३६ मि. मी.च्या चाळणींतून चाळून, उन्हांत पूर्ण वाळवून घ्यावी. ती खराट्यानें तिरपी झाडीत भरावी, वरून कंपनयंत्र फिरवावें, वाळू खालीं बसली कीं पुन्हां भरावी. दोन-तीन वेळां असें केल्याशिवाय दरज भरली असें समजूं नये. पहिल्या पावसानंतर आणखी एकदां भरावी.

सिमेंटची दरज भरण्यापूर्वीं जुनी माती सळईनें खरवडून काढावी व दरज धुवावी. भरतांना ती ओलसर असावी, पण पाणी सांचलेलें नसावें. मसाला अर्ध्या तासांत संपेल इतकाच कालवावा. घट्ट झालेल्या मसाल्यांत पुन्हां पाणी घालून तो वापरूं नये. थापीनें तो तळापर्यंत दाबावा, आणि फरशीवर सांडलेला तेव्हांच ओल्या गोणपाटानें पुसावा. नंतर सात दिवस गोणपाट ओलें ठेवावें. चुन्याची दरज असेल तर पंधरा दिवस ओल राखावी व उन्हापासून जपावी.

सिमेंटचे डाग काढण्यास कित्येक लोक ॲसिड वापरतात. शहाबादी फरशी जातीनें चुनखडीचा दगड असल्यामुळें ॲसिडानें ती स्वतःच विरघळते. डाग जातो आणि फरशीचें तेजहि जातें. कांथ्याचा ब्रश, पाणी व थोडे श्रम, हाच येथें उपाय.

काम केव्हां करावें? कार्तिक सरल्यापासून माघापर्यंत. पाऊस गेलेला असतो, ऊन मवाळ असतें, पाणी मारलेलें टिकतें, आणि उन्हाळी कांदा अंगणांत येण्यास अवकाश असतो. पुढें दरवर्षीं दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, सर्व दरजांवरून एकदां नजर फिरवावी. चिरलेली दरज त्याच आठवड्यांत खरवडून भरली तर काम घटकाभराचें असतें. पावसाळाभर तशीच ठेवली तर फरशी उचलण्याची पाळी येते. शेतकऱ्यास बांध फुटण्यापूर्वीं खांड बुजविण्याचें महत्त्व सांगावें लागत नाहीं. अंगणाची दरज हाहि घराचा बांधच आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.